सदर्क ते कँटरबरी : एका मुक्या नांगऱ्याच्या वाटेने

दिवस पहिला : ऑल्डगेट आणि सदर्क

तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात मी अठ्ठावीस वर्षे इंग्रजी शिकवले आणि त्यांतील बहुतेक वर्षे चौदाव्या शतकातील कवी जेफ्री चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’ची प्रस्तावना मुलांपुढे उलगडण्यात गेली. लंडनजवळच्या सदर्कमधील सराईतून कँटरबरीला संत थॉमस बेकेटच्या समाधीकडे निघालेले यात्रेकरू वाटेत एकमेकांना गोष्टी सांगतात, असे हे काव्य. “मॅडम, परीक्षेला यातला कोणता यात्रेकरू येणार?” हा प्रश्न दर वर्षी ठरलेला असे. सरदार, मठवासिनी, बाथची बाई हे आलटून पालटून येत. नांगऱ्या मात्र कधीच येत नसे, कारण त्याच्या वाट्याला मुळात तेराच ओळी आहेत आणि पुढे साऱ्या ग्रंथात त्याला एकही गोष्ट सांगायला मिळत नाही. निवृत्तीनंतर लंडनला भाच्याकडे जाण्याचा योग आला, तेव्हा त्या यात्रेकरूंची सुमारे 90 किलोमीटरची वाट, जमेल तेथे पायी आणि उरलेली बसने वा रेल्वेने, पाच दिवसांत उरकायचे आम्ही ठरवले. महिनाही मुद्दाम एप्रिलच निवडला, कारण पुस्तकातच एके ठिकाणी 18 एप्रिल ही तारीख येते.

आरंभ मी ऑल्डगेटपासून केला, याचे भाच्याला नवल वाटले, कारण तेथे पाहण्यासारखे काहीच नाही. लंडनच्या तटबंदीतील हा पूर्वेकडचा दरवाजा अठराव्या शतकातच पाडला गेला आणि आज तेथे काचेच्या उंच इमारती व वाहनांची रांग आहे. परंतु 1374 पासून 1386 पर्यंत चॉसर या दरवाजावरच्या खोल्यांत राहत होता. तो द्राक्षमद्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. तरुणपणी फ्रान्समधील लढाईत पकडला गेला, तेव्हा त्याच्या खंडणीत राजाने 16 पौंडांची भर घातली होती. पुढे तो लंडन बंदरातील लोकरीच्या जकातीचा हिशेबनीस झाला. इंग्लंडची लोकर म्हणजे त्या काळची सोन्याची खाण होती. दिवसभर त्या लोकरीच्या नोंदी तपासायच्या आणि रात्री याच खोल्यांत येऊन वाचत बसायचे, असा त्याचा क्रम असे. हे चित्र त्याने स्वतःच एका कवितेत रेखाटले आहे.

मला येथे यायचे होते ते एका दिवसासाठी. 1381 च्या जून महिन्यात एसेक्स परगण्यातील बंडखोर शेतकरी याच दरवाजाने लंडनमध्ये घुसले. त्याच सुमारास केंट परगण्यातील बंडखोर दक्षिणेकडून पुलावरून आत आले आणि त्यांनी चॉसरचा आश्रयदाता जॉन ऑफ गाँट याचा सव्हॉय राजवाडा जाळून टाकला. चॉसर त्या दिवशी घरी होता की नव्हता, हे बाजूला ठेवले तरी त्याच्या उंबऱ्याखालूनच इतिहास गेला, एवढे नक्की. आणि या माणसाने, ज्याच्या नजरेतून यात्रेकरूच्या नाकावरचा चामखीळ सुटला नाही, त्या बंडाचा उघड उल्लेख आयुष्यात एकदाच केला, तोही कोंबडा आणि कोल्ह्याच्या गोष्टीत. कोल्ह्यामागे धावणाऱ्या गावकऱ्यांचा गोंगाट इतका होता, की बंडाचा एक पुढारी जॅक स्ट्रॉ आणि त्याची टोळी परदेशातून आलेल्या फ्लेमिश लोकांना मारताना ओरडली तीही इतकी कर्कश ओरडली नसेल, असे तो म्हणतो. एवढी एक उपमा दिली आणि तो पुढे गेला.

दुपारी पूल ओलांडून सदर्कला आलो. तेथील कॅथीड्रलमध्ये, जे त्या काळी सेंट मेरी ओव्हरी नावाचा मठ होते, चॉसरचा कवी मित्र जॉन गॉवर याची समाधी आहे. रंगवलेली दगडी मूर्ती उताणी निजलेली आहे, हात जोडलेले आहेत आणि डोक्याखाली उशीऐवजी तीन जाडजूड ग्रंथ आहेत. मी बराच वेळ त्या उशीकडेच पाहत राहिले, कारण चौदाव्या शतकातील इंग्लंड कसे होते, हे त्या तीन ग्रंथांइतके थोडक्यात कोणी सांगितलेले नाही. ते त्याचेच ग्रंथ : एक फ्रेंच, दुसरा लॅटिन आणि तिसरा इंग्रजी. 1066 मध्ये फ्रान्समधून नॉर्मन विजेते आले, तेव्हापासून दरबाराची भाषा फ्रेंच होती, चर्चची आणि विद्येची लॅटिन, आणि इंग्रजी उरली ती शेतात, बाजारात व स्वयंपाकघरात. न्यायालयातील वाद इंग्रजीत चालावेत असा कायदा 1362 मध्ये झाला खरा, पण तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता! गॉवरने तिन्ही दगडांवर पाय ठेवून नदी ओलांडली. चॉसरने मात्र इंग्रजी हा एकच दगड धरला. ज्ञानदेवांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, मराठीबद्दल जो निर्णय घेतला होता, त्याच्याशी याचे नाते वाटते, असे मी भाच्याला म्हणाले. त्यावर तो म्हणाला, “आत्या, तू शिकवायला लागलीस.” मी गप्प बसले.

गॉवरच्या लॅटिन ग्रंथाविषयी मात्र बोलायलाच हवे. 1381 च्या बंडाचे वर्णन त्याने स्वप्नाच्या रूपाने केले आहे आणि त्या स्वप्नात शेतकऱ्यांची गाढवे, बैल, डुकरे, कुत्री होतात. गाढवे ओझे नाकारतात, बैल नांगर नाकारतात. म्हणजे नांगरामागच्या माणसाने नांगर सोडला, की या सज्जन, धर्मनिष्ठ कवीला तो माणूसच दिसेनासा होतो. चॉसरचे मौन त्यापुढे मला अधिक सुसंस्कृत वाटते. अर्थात ते मौनच, हे विसरता येत नाही.

संध्याकाळी टॅल्बट यार्ड नावाच्या बोळात गेलो. येथेच टॅबर्ड सराई होती आणि ‘एकोणतीस जणांचा मेळा’ येथेच जमला होता. मूळ सराई 1676 च्या आगीत गेली, तिच्या जागी बांधलेली 1873 मध्ये पाडली गेली. आता भिंतीवर एक निळी पाटी आहे आणि खाली मालवाहू गाड्या उभ्या असतात. यात्रेकरूंबरोबर निघणारा आणि गोष्टींचा डाव मांडणारा सराईचा मालक हॅरी बेली हा काल्पनिक वाटत असला, तरी त्या नावाचा सराईवाला खरोखर होता आणि तो सदर्कतर्फे पार्लमेंटातही बसला होता. शेजारची जॉर्ज सराई 1677 मध्ये पुन्हा बांधलेली आहे. तिच्या लाकडी सज्ज्यांवरून जुन्या सरायांची कल्पना येते. टॅबर्ड म्हणजे बिनबाह्यांचा ढगळ अंगरखा, आणि नांगऱ्याच्या तेरा ओळींतील शेवटची ओळ अशी, की तो टॅबर्ड घालून घोडीवर बसला होता. अठ्ठावीस वर्षे शिकवूनही सराईच्या पाटीवर लटकणारा तो अंगरखा आणि शेतकऱ्याच्या अंगावरचा अंगरखा एकच, हे माझ्या ध्यानात आले ते त्या बोळात उभे राहिल्यावर.

दिवस दुसरा : ब्लॅकहीथ

सकाळी ओल्ड केंट रोडने निघालो. आल्बनी रोड जेथे मिळतो, त्याच्या आसपास सेंट थॉमसचा पाणवठा होता. तेथे घोड्यांना पाणी पाजून काड्या ओढल्या गेल्या आणि पहिली गोष्ट सांगण्याचा मान सरदाराला मिळाला. आज तेथे पाणी नाही. पहिली गोष्ट सरदाराला मिळावी, हा केवळ नशिबाचा खेळ होता की उतरंड सांभाळण्यासाठी काड्यांत काही केले होते, ही शंका चॉसरच मिस्कीलपणे पेरून ठेवतो. कारण त्या समाजाची मान्य घडण तीन थरांची होती : प्रार्थना करणारे, लढणारे आणि राबणारे. सरदारानंतर मठवासी बोलेल, असा सराईवाल्याचा बेत असतो; पण दारू प्यायलेला पिठाच्या चक्कीवाला मध्येच घुसतो आणि आपली चावट गोष्ट सांगूनच थांबतो. ही घुसखोरी हाच माझ्या मते त्या ग्रंथाचा खरा आरंभ आहे.

डेप्टफर्ड आणि ग्रिनिच ही गावे ग्रंथात नुसती बोटाने दाखवली आहेत, तशीच ती आम्हीही बसच्या खिडकीतून पाहिली. चढ चढून ब्लॅकहीथला उतरलो, तर समोर झाडाविना पसरलेले विस्तीर्ण गवताळ माळरान, त्यावरून वाहणारा बोचरा वारा आणि पतंग उडवणारी दोन मुले. 12 जून 1381 रोजी केंटचे बंडखोर येथे जमले होते. जॉन बॉल या बंडखोर धर्मोपदेशकाचे ते प्रसिद्ध वचन येथलेच : आदम जमीन खणत होता आणि इव्ह सूत कातत होती, तेव्हा खानदानी कोण होते? माळावरून जाणाऱ्या एका रस्त्याला बंडाचा पुढारी वॅट टायलर याचे नाव दिलेले आहे.

या बंडाची मुळे 1348-49 च्या महामारीत आहेत. तिने लोकसंख्येचा तिसरा हिस्सा तरी नेला, काही भागांत निम्मी माणसे गेली, आणि उरलेल्या मजुरांचा भाव वाढला. तेव्हा 1351 च्या कायद्याने मजुरी महामारीपूर्वीच्या दरावर गोठवली गेली, आणि 1363 मध्ये कोणत्या थराने कोणते कापड अंगावर घालावे, याचाही कायदा झाला. राबणाऱ्याच्या हातात चार पैसे आले की तो वरच्यासारखा दिसू लागतो, ही भीती त्यामागे होती. त्यावर फ्रान्सशी चाललेल्या युद्धापायी डोईपट्टी आली, पहिली 1377 मध्ये आणि तिसरी 1380 मध्ये. या तिसऱ्या खेपेस पंधरा वर्षांवरील प्रत्येक माणशी एक शिलिंग धरला होता, आणि साध्या मजुराला तो मिळवायला कित्येक दिवस राबावे लागे.

वाऱ्यात उभे राहून मी ते तेरा ओळींचे शब्दचित्र भाच्याला वाचून दाखवले. हा नांगऱ्या गरीब पाद्र्याचा सख्खा भाऊ आहे, त्याने शेणखताच्या कित्येक गाड्या ओढल्या आहेत, तो देवावर आणि शेजाऱ्यावर सारखेच प्रेम करतो, चर्चचा दशमांश नेमाने भरतो आणि कोणाही गरिबासाठी मजुरी न घेता झोडणी करील, चर खणील, माती खणील. खणण्यासाठी चॉसरने जे क्रियापद वापरले आहे, तेच बॉलच्या वचनात आदमच्या तोंडी नव्हे, पण हाती आहे. बंडाला सहाएक वर्षे झाल्यावर, मजुरी वाढवून मागणाऱ्यांच्या देशात, हा कवी मजुरीच न मागणारा शेतकरी रंगवतो. ती आठवण आहे, उपदेश आहे की लोकांच्या नाकाला झोंबेल असा उपरोध, हे वर्गात मला ठामपणे सांगता येत नसे आणि आजही येत नाही. याच सुमारास लँगलंड या कवीने ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात नांगऱ्यालाच सत्याचा वाटाड्या केले होते, आणि बॉलच्या नावाने फिरलेल्या पत्रांत पिअर्सचे नाव हाकेसारखे येते. तेव्हा नांगऱ्याला बोलते करणे म्हणजे काय होऊ शकते, याची कल्पना चॉसरला नव्हती, असे म्हणवत नाही.

दिवस तिसरा : रॉचेस्टर

रात्रीच रेल्वेने रॉचेस्टरला येऊन मुक्काम केला होता. किल्ल्याच्या उंच बालेकिल्ल्याला तीन कोपरे चौकोनी आणि एक गोल आहे, कारण 1215 च्या वेढ्यात राजा जॉनने चाळीस डुकरांच्या चरबीने भुयारात आग लावून तो कोपरा पाडला होता. किल्ल्यात आम्ही अर्धा तासच थांबलो.

कॅथीड्रलमध्ये मात्र अर्धा दिवस गेला. येथे विल्यम नावाच्या स्कॉटिश बेकऱ्याची समाधी होती. दर दहावा पाव गरिबाला देणारा हा माणूस यात्रेला निघाला असता 1201 मध्ये याच वाटेवर मारला गेला, आणि पुढे स्वतःच यात्रेचे स्थान झाला. बाराव्या शतकात येथे नकललेल्या एका ग्रंथात केंटचा राजा एथेलबर्ट याचे सन 600 च्या आसपासचे कायदे आहेत. इंग्रजी भाषेतील तो सर्वांत जुना मजकूर मानला जातो. माणसाचा अंगठा तोडला तर 20 शिलिंग, करंगळी तोडली तर 11, अशी त्यात यादीच आहे. म्हणजे चॉसरने इंग्रजीला मोठे केले हे खरे असले, तरी कायदा लिहिण्याची तिची ऐपत त्याच्यापूर्वी आठशे वर्षे सिद्ध झालेली होती. मधल्या काळात ती केवळ हलक्या पाटावर बसवली गेली.

गायकवृंदाच्या जागेतील भिंतीवर तेराव्या शतकातील दैवचक्राचे चित्र आहे. मुकुटधारी राणीच्या रूपातील दैव हाताने चाक फिरवत आहे, आणि चाकावर वर चढणारी माणसे शिल्लक आहेत. दुसरी, खाली पडणारी बाजू पुसली गेली आहे. उरलेला भाग व्यासपीठाच्या आड झाकलेला होता म्हणून वाचला आणि 1840 मध्ये सापडला. ग्रंथात सराईवाला मठवासीला म्हणतो, की पहा, रॉचेस्टर जवळच आले, आता तुमची गोष्ट होऊ द्या; आणि मठवासी सांगतो त्या सगळ्या दैवाच्या चाकावरून खाली पडलेल्या राजांच्या कहाण्या. त्या इतक्या रटाळ होतात, की शेवटी सरदारच त्याला थांबवतो. चित्रात नेमकी पडणाऱ्यांचीच बाजू नाही, हे पाहून मला हसू आले.

येथूनच 6 जून 1381 रोजी बंडखोरांनी किल्ला घेऊन एका कैद्याची सुटका केली होती. ते त्यानंतर कँटरबरीला गेले आणि तेथून लंडनकडे वळले. यात्रेकरू ज्या रस्त्याने पूर्वेकडे जात, त्याच रस्त्याने ते पश्चिमेकडे आले.

दिवस चौथा : सिटिंगबर्न ते हार्बलडाउन

सिटिंगबर्नपर्यंत रेल्वेने गेलो. बाथच्या बाईची प्रस्तावना संपते तेव्हा या गावाचे नाव येते. भाच्याला साऱ्या मंडळींत तीच आवडते, आणि त्यात आश्चर्य नाही. चर्चच्या दारात पाच नवरे केलेली, लाल मोजे घालणारी, फटीच्या दातांची ही बाई उत्तम कापड विणते. फ्लँडर्समधील यीप्र आणि गेंट या शहरांच्या कारागिरांना मागे टाकील असे. लोकरीच्या जकातीवर बसलेल्या माणसाला तिच्या व्यवसायाची नीट माहिती होती. तिचा पाचवा नवरा रोज रात्री दुष्ट बायकांच्या कहाण्यांचा ग्रंथ वाचून दाखवतो. ती चिडून पाने फाडते, तो मारतो आणि तिचा एक कान बधिर होतो. सिंहाचे चित्र काढले कोणी, असा तिचा प्रश्न आहे : माणसाने काढले, म्हणून चित्रात सिंह हरलेला दिसतो. हा प्रश्न मी वर्गात विचारला की मागच्या बाकांवरच्या मुली प्रथमच वर पाहत.

फॅव्हरशॅमला उतरून ऑस्प्रिंजचे यात्रेकरूंचे जुने रुग्णालय बाहेरून पाहिले आणि बाउटनपासून कँटरबरीपर्यंत ब्लीनच्या जंगलाच्या कडेने पायी निघालो. दोन तास पाऊस झाला. माझे नवे बूट दुकानात छान बसले होते, पण ओले होताच टाचेला फोड आला. बाउटनलाच यात्रेकरूंना मागून दोघे घोडेस्वार येऊन गाठतात : एक किमयागार धर्माधिकारी आणि त्याचा चाकर. धन्याच्या टोपीखाली घामासाठी बर्डॉक या रानझाडाचे रुंद पान ठेवलेले आहे, आणि भट्टी फुंकून फुंकून चाकराचा चेहरा शिशाच्या रंगाचा झाला आहे. चाकर बोलू लागतो, धन्याच्या लबाड्या उघड करू लागतो, आणि धनी लाजेने घोडा पिटाळून पळून जातो. मालक पळाला आणि नोकराने पुढची सारी गोष्ट सांगितली, असे त्या ग्रंथात येथेच घडते. तोवर सारी वाट नांगऱ्या त्याच मेळ्यात घोडीवरून येत आहे. त्याला मात्र कोणी विचारत नाही.

हार्बलडाउनचा रस्ता आजही चढतो नि उतरतो, म्हणूनच ग्रंथात त्याला ‘वरखाली डुलणारे’ गाव म्हटले आहे. झिंगलेला स्वयंपाकी येथेच घोड्यावरून पडतो. अकराव्या शतकात स्थापलेले येथील महारोग्यांचे रुग्णालय रस्त्याच्या कडेलाच आहे. तेथे पुढे इरॅस्मस या डच विद्वानापुढे संत थॉमसचा जोडा चुंबनासाठी धरला गेला होता. माझ्या पायातील जोड्याची अवस्था पाहता त्या क्षणी मला संताच्या जोड्याबद्दल फारसा आदर वाटला नाही.

दिवस पाचवा : कँटरबरी

एक गोष्ट सांगायला हवी : चॉसरचे यात्रेकरू कँटरबरीला पोहोचतच नाहीत. ठरल्याप्रमाणे शंभरावर गोष्टी व्हायच्या, झाल्या चोवीस, आणि त्यांतील काही अर्धवट. शेवटी सूर्य उतरू लागतो, एका खेड्याच्या टोकाशी पाद्री आपले लांबलचक प्रवचन सांगतो आणि ग्रंथ संपतो. तेव्हा वेस्टगेट ओलांडताना आम्ही ग्रंथाच्या बाहेर पडत होतो.

वेस्टगेट बांधला तो आर्चबिशप सायमन सडबरी याने. तोच राज्याचा चॅन्सेलरही होता आणि डोईपट्टीचा राग त्याच्यावर होता. 10 जून 1381 रोजी बंडखोर कॅथीड्रलमध्ये प्रार्थना चालू असताना घुसले आणि मठवासीयांना म्हणाले, की नवा आर्चबिशप निवडून ठेवा, जुना मरणार आहे. चार दिवसांनी लंडनच्या टॉवर हिलवर सडबरीचे शिर उडवले गेले. धड कँटरबरीला आणले गेले आणि शिर सफोकमधील त्याच्या गावच्या चर्चमध्ये राहिले. थडग्यात शिराच्या जागी शिशाचा गोळा असल्याचे सांगतात. ती समाधी कॅथीड्रलच्या दक्षिण बाजूस आहे आणि तिच्यापुढे कोणी थांबत नाही.

गर्दी असते ती आर्चबिशप थॉमस बेकेट, म्हणजे संत थॉमस, याच्याकडे. 29 डिसेंबर 1170 रोजी चार सरदारांनी जेथे त्याला मारले, तेथे भिंतीवर तलवारींचे शिल्प आहे. 1220 मध्ये त्याचे अवशेष वर ट्रिनिटी चॅपेलमध्ये हलवले गेले, 1538 मध्ये आठव्या हेन्रीने समाधी उद्ध्वस्त करवली, आणि आता त्या रिकाम्या फरशीवर एक मेणबत्ती जळत असते. वर जाणाऱ्या पायऱ्या मधोमध घासून वाडग्यासारख्या खोल झाल्या आहेत. भाच्याने एका पायरीच्या खळग्यात हात ठेवून पाहिला. त्याचा मनगटापासून बोटांपर्यंतचा सारा पंजा त्यात बसला. मार्जरी केंप नावाची लिन गावची एक बाई येथे रडली आणि बोलली, म्हणून लोक तिच्यामागे ‘जाळा हिला’ म्हणत धावले होते. तिने आपले आत्मवृत्त दुसऱ्याकडून लिहवून घेतले आणि त्याचे हस्तलिखित 1934 मध्ये सापडले. तेव्हा बाथच्या बाईसारखी बाई कागदाबाहेरही होती.

दुपारी ईस्टब्रिजचे यात्रेकरू-निवास पाहिले. रस्त्याच्या पातळीखाली कमानींचे ठेंगणे, ओलसर तळघर आहे. गरीब यात्रेकरू येथे गवतावर झोपत, आणि जो धडधाकट असेल त्याला एकच रात्र मिळे. सरदार आणि व्यापारी मोठ्या सरायांत उतरत. पाद्री आणि त्याचा भाऊ आले असते तर येथेच आले असते. मी बाकावर बसून टाचेचे बँडेज बदलत होते, तेव्हा भाच्याने विचारले, “आत्या, मग त्याची गोष्ट कोणीच लिहिली नाही का?”

लिहिली की. पंधराव्या शतकात एका नकलकाराने हॉक्लीव्ह या कवीची मदर मेरीच्या चमत्काराची कविता उचलून हस्तलिखितात नांगऱ्याच्या नावाने घातली. पुढे 1542 च्या छापील आवृत्तीत दुसऱ्याच कोणाची, पोपच्या धर्मगुरूंवर तुटून पडणारी गोष्ट त्याच्या तोंडी आली. दोन्हींत तो बोलतो आणि दोन्हींत ते बोलणे दुसऱ्याचे आहे. हे मी त्याला सांगितले. त्याने थोडा वेळ विचार केला, मग माझे ओले बूट उचलून पिशवीत भरले, आणि आम्ही वेस्ट स्टेशनकडे निघालो. लंडनची गाडी वीस मिनिटांत सुटणार होती.